अजून दोन दिवस

काढणीच्या दिवसांत बागेत सगळ्यात जास्त वेळा बोललं जाणारं वाक्य कुठलं, तर ‘अजून दोन दिवस थांबू’. वाईनरीतून ते फोनवर येतं, मी मुकादमाला सांगते, मुकादम टोळीला सांगतो आणि टोळीतल्या बायका काही न बोलता कात्र्या पुन्हा पिशवीत टाकतात. वाईनच्या द्राक्षांच्या बागा सांभाळायला लागून मला पंधरा वर्षं होऊन गेली, तरी या वाक्याची धास्ती कमी झालेली नाही. छाटणी चुकली तर पुढच्या छाटणीत सावरता येते. विरळणी कमी पडली तर आणखी एक फेरी मारता येते. काढणीची तारीख मात्र एकदाच ठरते.

याचं कारण द्राक्षाच्या स्वभावात आहे. आंबा, केळं, टोमॅटो ही फळं पुरती वाढली की हिरवी उतरवली तरी चालतात. त्यांच्यातलाच इथिलीन वायू त्यांना पुढे पिकवतो. द्राक्षाचं तसं नाही. त्याची साखर पानात तयार होते आणि देठातून मण्यात येते. देठ कापला की येणं बंद. कापलेला घड फार तर सुकून गोड लागेल, पण पिकणार नाही. दोन दिवस आधी कापलं तर ते दोन दिवस कायमचे गेले, आणि दोन दिवस थांबलं तर तेवढ्यात आभाळ काय करेल ते आपल्या हातात नाही. पाणी, खत, फवारणी, पानं काढणं, वर्षभर केलेलं सगळं शेवटी या एका तारखेपाशी येऊन उभं राहतं.

मण्यात ‘पाणी उतरतं’ तेव्हापासून माझी झोप हलकी होते. फळधारणेनंतर बरेच दिवस मणी हिरवा, टणक आणि आंबटढाण असतो. मग एखाद्या आठवड्यात तो बोटांत धरला की दबायला लागतो. रंगीत जातीत एक मणी जांभळा, शेजारचा अजून हिरवा, असा घड चितकबरा दिसतो. तिथून काढणीपर्यंत साधारण सहा-सात आठवडे, जातीप्रमाणे आणि हवेप्रमाणे कमी-जास्त. या काळात साखर चढते आणि आम्ल उतरतं. द्राक्षात मुख्य आम्लं दोन. मॅलिक आम्ल मणी स्वतःच श्वसनात जाळतो, आणि हवा जितकी गरम तितकं ते लवकर संपतं. टार्टारिक आम्ल मात्र बरंचसं टिकून राहतं. फळांच्या जगात ते तसं दुर्मीळच, द्राक्ष आणि चिंच ही त्याची मोठी घरं. उष्ण हवेत साखर धावत येते, मॅलिक निघून जातं आणि वाईन जड, बोथट होते. थंड हवेत आम्ल जागचं हलत नाही आणि साखर रांगत येते. त्यात सालीतला रंग, साल आणि बियांमधलं तुरट टॅनिन, सुगंध, यांची चाल आणखी निराळी. हे सगळे एकाच दिवशी मुक्कामाला पोचले, असं वर्ष मी आजवर दोनदाच पाहिलं आहे. एरवी कुणासाठी तरी थांबावं लागतं आणि कुणाला तरी सोडून द्यावं लागतं.

कशासाठी थांबायचं, हे वाईन कुठली करायची त्यावर ठरतं. रसातल्या साखरेचं माप म्हणजे ब्रिक्स. फसफसणाऱ्या वाईनची द्राक्षं साधारण १८ ते २० ब्रिक्सला, आम्ल ताजं असतानाच काढतात. भरदार लाल वाईनला २३ ते २५ पर्यंत जावं लागतं. लिटरभर रसातल्या सुमारे १७ ग्रॅम साखरेपासून एक टक्का अल्कोहोल बनतं, त्यामुळे वाईनरीत बसलेला माणूस ब्रिक्सचा आकडा ऐकूनच बाटलीवर काय छापायचं त्याचा अंदाज बांधतो. तो आकडा त्याला माझ्याकडून जातो. म्हणून त्या आकड्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते काढणीतल्या सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात.

पाणी उतरल्यावर मी आठवड्यातून एकदा नमुना घेते, मग दिवसाआड, शेवटी रोज सकाळी. एका प्लॉटमधून २०० मणी. काम सोपं वाटतं, पण हात फसवतो. उन्हाकडचा, चांगला रंगलेला, डोळ्यांच्या उंचीवरचा मणी हाताला आपोआप सापडतो. असे २०० मणी तोडले की साखर अंशभर जास्त भरते, आणि तो अंश बागेत खरोखर यायला कधीकधी आठवडा लागतो. हे कळायला मला दोन हंगाम लागले. आता मी घडाकडे न बघता हात घालते. पहिल्या घडाचा खांद्यावरचा मणी, दुसऱ्याचा शेंड्याचा, तिसऱ्याचा मागच्या सावलीतला. ओळीतून जाताना सकाळचं ऊन खाणाऱ्या बाजूचे घड, परत येताना दुपारचं ऊन खाणाऱ्या बाजूचे. ओळीच्या टोकाच्या वेली सोडून द्यायच्या. त्यांना मोकळी हवा जास्त मिळते, त्या बाकीच्यांसारख्या नसतात. एकाच घडात खांद्याचा मणी आणि शेंड्याचा मणी यांच्या गोडीत फरक असतो, मग प्लॉटची काय कथा. आपण जो आकडा सांगतो ती एका मोठ्या गर्दीची सरासरी असते, एवढं तरी सांगणाऱ्याने विसरू नये.

मणी पिशवीतच चुरडायचे, रस गाळायचा आणि दोन थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टाकून झाकण पाडायचं. उजेडाकडे धरलं की भिंगात वर निळा पट्टा दिसतो, खाली पांढरा. दोघांच्या सीमेवरची रेघ ज्या आकड्याला टेकते ते ब्रिक्स, म्हणजे १०० ग्रॅम रसात साधारण तितके ग्रॅम साखर. प्रकाश गोड रसातून जाताना जास्त वाकतो, एवढ्याच गोष्टीवर हे यंत्र चालतं. एर्न्स्ट आबे यांनी १९ व्या शतकात जर्मनीतल्या येना इथे त्याचा पाया घातला. ब्रिक्स हे नाव आडोल्फ ब्रिक्स या जर्मन गणिती अभियंत्याचं. खुद्द जर्मनीतले द्राक्ष बागायतदार मात्र आजही ओक्सलेच्या अंशात बोलतात, आणि फर्डिनांड ओक्सले हे मुळात सोनारकाम करणारे, यंत्रं घडवणारे गृहस्थ होते. हे मला फार आवडतं. द्राक्ष कधी काढायचं याचं माप एका सोनाराच्या हातून आलं. माझं यंत्र हातात मावणारं, साधं आहे. काढणीच्या दिवसांत ते माझ्या गळ्यातच असतं आणि त्याच्या रबरी कडेत वाळलेल्या रसाचा चिकट थर बसलेला असतो. तो मी हंगाम संपल्यावरच नीट पुसते.

पण यंत्राला फक्त साखर दिसते. बाकीचं बघायला मला मावशींनी शिकवलं. आमच्या टोळीत त्या वयाने सगळ्यांत मोठ्या. माझ्या पहिल्या हंगामात मी सकाळी भिंगात बघून ‘चोवीस आले, उद्या काढायचं’ असं मोठ्या आनंदाने जाहीर केलं. मावशींनी समोरच्या घडाचा मणी ओढून तोंडात टाकला, साल एका गालात सरकवली, बी तळहातावर काढली आणि माझ्यापुढे धरली. “ताई, साखर आली असेल, पण बी अजून हिरवी आहे.” तोवर द्राक्षाची बी मी कधी नीट पाहिलीच नव्हती. कच्ची बी हिरवट आणि ओलसर असते. चावली की वाकते आणि जीभ-हिरड्या आवळून धरणारा कडवटपणा सोडते. पिकलेली बी तपकिरी असते, दाताखाली कटकन फुटते आणि तिच्यात तो तुरटपणा फारसा उरत नाही. मण्याच्या देठाकडेही त्यांनी बघायला लावलं. कच्चा मणी ओढला तर देठ सोडत नाही, सालच फाटते. पिकलेला अलगद सुटतो आणि देठाच्या टोकाला गराचा ओला, रंगीत झुपका राहतो. त्या दिवशी आम्ही थांबलो. सहा दिवस थांबलो आणि ते बरोबर निघालं.

तेव्हापासून मी रोज सकाळी ओळीत बिया चावते. काढणी संपेपर्यंत माझे दात काळपट होतात.

चवीलाही मर्यादा आहेत, हेही सांगायला हवं. २०२० साली कॅलिफोर्नियात वणव्यांचा धूर ऐन काढणीत बागांवर बसला. धुरातली द्रव्यं सालीतून आत जातात आणि मण्यातल्या साखरेशी बांधली जातात. त्या अवस्थेत मणी खाऊन काहीच कळेल असं नाही. रस आंबायला लागला की ती बांधणी सुटते आणि वाईनला राखेची चव येते. त्या वर्षी तपासणीसाठी प्रयोगशाळांकडे नमुन्यांची रीघ लागली आणि अनेकांनी पिकलेले घड वेलीवरच सोडून दिले. जीभ सांगते ते सगळं ऐकावं, पण जिभेला सगळं कळतं असं धरून चालू नये.

आता त्या वर्षाबद्दल, जे मला टाळता येणार नाही. लाल जातीचा प्लॉट होता, वेली बारा वर्षांच्या, ऐन भरातल्या. साखर २२.८ वर होती. बिया तपकिरी व्हायला लागल्या होत्या. चार दिवसांनी पावसाचा अंदाज होता. ज्या वाईनरीला माल जायचा होता तिथून फोन आला, चोवीस पाहिजे, अजून दोन दिवस थांबू. मला मनातून काढावंसं वाटत होतं. सकाळी मावशींनीही बी चावून मान डोलावली होती. पण चार दिवस हातात होते, त्यातले दोन वापरायचे आणि तिसऱ्या दिवशी काढायचं, असा हिशेब मी मांडला आणि ‘चालेल’ म्हटलं. तो शब्द माझा होता. पुढे मी वाईनरीला खूप बोलले, पण ‘चालेल’ मी म्हटलं होतं.

पाऊस दुसऱ्याच रात्री आला. फार मोठा नव्हता, तासभर पडला असेल. पण साखर चढावी म्हणून आम्ही पंधरा दिवस आधी पाणी तोडलं होतं. तहानलेल्या वेलीने मिळेल तेवढं पाणी मुळांनी ओढलं, आणि पिकलेल्या मण्याची सालसुद्धा थोडं पाणी पिते. मणी आतून फुगला, सालीला ताण सोसवेना आणि देठाजवळ नखाने ओढल्यासारखी अर्धगोल चीर पडली. सकाळी घड उचलून बघितला तर वरून अजून सुंदर दिसत होता. खालून बोट लावलं तर बोट ओलं झालं. तिसऱ्या दिवशी चिरांमध्ये राखाडी लव दिसायला लागली. चौथ्या दिवशी बागेच्या कोपऱ्यावरूनच आंबूस वास यायला लागला, चिलटं उठायला लागली. चिलटं एका मण्यावरून दुसऱ्यावर यीस्ट आणि जिवाणू नेतात आणि रसाचं व्हिनेगर व्हायला लागतं. तो वास एकदा नाकात बसला की हंगामभर जात नाही.

आम्ही ओळीत उभं राहून निवडलं. एकेक घड डाव्या हातावर घ्यायचा, कात्रीच्या टोकाने सडलेले मणी काढायचे, उरलेलं क्रेटमध्ये. कात्री दर थोड्या वेळाने पुसायची. पुष्कळ घडांत निम्म्याहून जास्त मणी जमिनीवर गेले, काही घड अख्खेच. पायाखाली चिखल आणि रस एक झाला होता. बायका नेहमी काढताना गप्पा मारतात, त्या दिवशी ओळीत फक्त कात्र्यांचा आवाज होता. हातातोंडाशी आलेला घास गेला म्हणतात, तो जाताना कसा दिसतो ते मी त्या दिवशी पाहिलं. संध्याकाळी मावशी एवढंच म्हणाल्या, “वेलीनं तिचं काम केलं होतं, ताई.”

मण्यावरची ती राखाडी बुरशी म्हणजे बोट्रायटिस. हीच बुरशी फ्रान्सच्या सोतेर्न भागात आणि हंगेरीच्या तोकायमध्ये लोकांना हवी असते. तिथे काढणीच्या काळात सकाळी नदीवरून धुकं येतं आणि दुपारी कोरडं ऊन पडतं. धुक्यात बुरशी सालीला बारीक भोकं पाडते, उन्हात त्या भोकांतून पाणी उडून जातं. मणी आक्रसतो, साखर आणि आम्ल दोन्ही दाट होतात आणि त्यातून मधासारखी वाईन निघते. माणसं एकाच ओळीतून आठवड्या-आठवड्याने पुन्हा पुन्हा फिरतात आणि प्रत्येक वेळी तयार झालेले तेवढेच मणी उचलतात. दुपार कोरडी झाली नाही तर तीच बुरशी सगळं खाऊन टाकते. २०१२ साली सोतेर्नमधल्या शातो दिकेम या नावाजलेल्या वाईनच्या घराने त्या वर्षीची आपली वाईन काढायचीच नाही असं ठरवलं. १९९२ आणि १९७२ सालीही तिथे असंच झालं होतं. त्या निर्णयापाशी मी नेहमी थबकते. इतकं नाव असलेल्या घरालाही कधी रिकाम्या हाताने बसावं लागतं, आणि ते तसं उघड सांगतात.

तारीख ठरवण्याचं ओझं पूर्वी एकट्या माणसावर नसे. युरोपात कित्येक ठिकाणी गावातले जाणते लोक बागा बघून दिवस ठरवत आणि मग काढणीची दवंडी पिटली जाई. तिच्याआधी कुणी कात्री लावायची नाही. फ्रान्सच्या शाम्पेन भागात आजही काढणी सुरू करण्याच्या तारखा गावनिहाय आणि जातीनिहाय अधिकृतपणे जाहीर होतात. या जुन्या तारखांचा एक उपयोग कुणी कल्पिला नव्हता. बर्गंडीतल्या बोन गावच्या काढणीच्या तारखा नगरपरिषदेच्या नोंदींतून आणि मजुरी दिल्याच्या हिशेबांतून संशोधकांनी गोळा केल्या, १३५४ पासून २०१८ पर्यंत, आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध केल्या. १९८७ पर्यंतच्या सहा शतकांत काढणी सरासरी २८ सप्टेंबरला सुरू होत होती. १९८८ नंतर ती सरासरी १३ दिवस आधी येऊ लागली. मजुरीचा खर्च लिहून ठेवणाऱ्या त्या कारकुनाला पृथ्वीच्या तापमानाची नोंद ठेवायची नव्हती, पण ती त्याच्या हातून झाली.

हे वाचल्यापासून मी माझी वही जास्त काळजीने लिहिते. तारीख, प्लॉट, ब्रिक्स, पीएच, बीचा रंग, शेवटची फवारणी कधी झाली आणि तिचा प्रतीक्षा काळ, म्हणजे फवारणीनंतर काढणीआधी सोडायचे दिवस, कधी संपला, पाखरं कुठल्या ओळीपासून लागली. पाखरांना गोडी आपल्या आधी कळते. ती कडेच्या ओळींपासून सुरुवात करतात आणि एका मण्याला एकच टोच मारून पुढे जातात. तो एक मणी पुढे अख्खा घड नासवतो. जाळी लावायला आळस केला की त्याचा हिशेब काढणीत चुकता होतो.

तारीख ठरली की उरलेला प्रश्न माणसांचा. आजूबाजूच्या सगळ्या बागा थोड्याफार एकाच वेळी तयार होतात, सगळ्यांना तीच टोळी त्याच दिवशी हवी असते. ‘अजून दोन दिवस’ म्हणताना मी फक्त द्राक्षाला थांबवत नाही, पन्नास माणसांची दोन दिवसांची कमाई थांबवते. हे मला उशिरा उमगलं. आता दिवस पुढे ढकलला तर तेवढे दिवस पानं काढायचं, जाळी आवरायचं, क्रेट धुवायचं काम मी टोळीला देते. काम पुरेसं नसतं तेव्हा अर्धी मजुरी तरी देते. मालकाला हे पटवायला दोन वर्षं गेली. सरावलेली टोळी दुसऱ्या बागेत गेली तर काय होतं ते एकदा पाहिल्यावर त्यांना पटलं.

काढणी बाहेरून सोपी दिसते. डाव्या हाताने घड खालून तोलायचा, उजव्या हातातली कात्री देठाशी न्यायची, कापायचं आणि ठेवायचं. टाकायचा नाही, ठेवायचा. क्रेट उथळच हवेत, नाहीतर खालचे घड वरच्यांच्या वजनाने चेपतात आणि रस वाटेतच आंबायला लागतो. दिवसातून हजार वेळा हेच करताना पानाआडची बोटं दिसत नाहीत आणि डाव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांवर कात्री लागते. आंबट रस त्या चिरेत उतरला की डोळ्यांत पाणी येतं. मावशींच्या त्या बोटांवर बारीक पांढऱ्या रेघा आहेत, एकीवर एक. म्हणून काढणीच्या सकाळी मी आधी प्यायच्या पाण्याचे ड्रम आणि मलमपट्टीची पेटी बघते, क्रेट नंतर मोजते.

ही काही माझी मोठी गोष्ट नाही. ८ सप्टेंबर १९६५ ला कॅलिफोर्नियातल्या डेलानोमध्ये लॅरी इटलियाँग यांच्या पुढाकाराने फिलिपिनो मजुरांनी द्राक्षाच्या बागांत संप पुकारला, आठवड्याभराने सेझर चावेझ आणि डोलोरेस वेर्टा यांच्या संघटनेतले मेक्सिकन मजूर त्यांना येऊन मिळाले. लढा मजुरीचा होता, आणि त्याच्या जोडीला रानात प्यायला स्वच्छ पाणी, शौचालय, फवारणीपासून संरक्षण अशा साध्या गोष्टींचाही. लोकांनी द्राक्षं विकत घेणं थांबवलं, तरी करार व्हायला १९७० चा जुलै उजाडावा लागला. पाण्याच्या ड्रमसाठी माणसांना पाच वर्षं भांडावं लागलं, ही गोष्ट बाग सांभाळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावी असं मला कळकळीने वाटतं. २०२३ च्या सप्टेंबरात शाम्पेनमध्ये कडक उन्हात काढणी करताना काही मजूर दगावले. ती बातमी आली त्याच आठवड्यापासून मी भरदुपारची काढणी बंद केली.

आता आम्ही पहाटे तीनला सुरू करतो. माणसांसाठी ते बरं, आणि द्राक्षासाठीही. रात्री मणी थंड आणि टणक असतो, फुटत नाही, रस काळवंडत नाही, वाईनरीला तो थंड करायला वीज कमी लागते. यंत्राने काढणीसुद्धा जगात बऱ्याच ठिकाणी रात्रीच होते. ते यंत्र ओळीवर स्वार होऊन वेली हलवतं आणि मणी झेलतं, चाळीस-पन्नास माणसांचं काम काही तासांत उरकतं. मला त्याचा राग नाही. सपाट, लांब ओळी असतील आणि माणसं मिळत नसतील तर ते वापरावंच. पण कुठला घड सोडायचा हे त्याला कळत नाही. पहाटे ओळीत डोक्याला बांधलेले पन्नास दिवे हलत असतात, प्रत्येक दिव्याच्या गोलात एक घड आणि दोन हात. एखादा दिवा मध्येच थांबतो, घड उलटा करून बघतो आणि न कापता पुढे सरकतो. तो थांबणारा दिवा कुणाचा ते मला लांबूनही ओळखता येतं.

सकाळी आठ-नऊला शेवटचा क्रेट सावलीत जातो, काट्यावर वजन होतं, गाडी निघते. लोकांना वाटतं आता बाग मोकळी झाली. वेलीच्या अंगावर मात्र अजून हिरवी पानं असतात आणि तिचं काम चालूच असतं. आता पानात तयार होणारं सगळं ती खोडात आणि मुळांत साठवून ठेवते. पुढच्या हंगामाची पहिली फूट त्याच साठ्यावर येते. इतकंच काय, पुढच्या वर्षीच्या घडांचे सूक्ष्म अंकुर काडीवरच्या यंदाच्या डोळ्यांमध्ये, म्हणजे कळ्यांमध्ये, काढणीच्या कितीतरी आधीच तयार झालेले असतात. आपण कात्री लावतो तेव्हा पुढचं पीक त्याच काडीवर बसलेलं असतं. म्हणून तोडलेलं पाणी काढणी झाल्याबरोबर सुरू करायचं, खत द्यायचं, पानं जपायची. दमल्यामुळे इथे टाळाटाळ होते, माझ्याकडूनही झाली आहे, आणि पुढच्या वर्षी फूट मागे-पुढे आली की आठवण होते.

त्या पावसाच्या वर्षानंतर मी एक गोष्ट सुरू केली. प्रत्येक प्लॉटमध्ये मधल्या ओळीतली एक वेल राखायची. काढणी झाली तरी तिला कात्री लावायची नाही, लाल फीत बांधायची आणि पुढचे आठ-दहा दिवस तिच्या मण्यांची साखर मोजत राहायची. आपण थांबलो असतो तर काय झालं असतं, ते ती वेल दाखवते. काही वर्षी दोन दिवसांत तिची साखर अंशभर चढली आणि मला हळहळ वाटली. काही वर्षी तिसऱ्या दिवशी पाखरांनी तिला टोचून ठेवलं. एका वर्षी तिला काहीच झालं नाही, आठ दिवस ती होती तशी राहिली, आकडा तिथेच. वहीत आता अशी अकरा वर्षं जमली आहेत आणि त्यांतून मला कुठलाही नियम काढता आलेला नाही.

यंदा लाल प्लॉट आम्ही २३.४ ला काढला. वाईनरीतून फोन आलाच होता, अजून दोन दिवस थांबता येईल का. मी नाही म्हटलं. आभाळ निरभ्र होतं, पण बिया तयार होत्या आणि शेंड्याचे मणी मऊ पडायला लागले होते.

काल, काढणीनंतर दोन दिवसांनी, मी आणि मावशी त्या राखलेल्या वेलीपाशी गेलो. ओळ रिकामी होती, पानं कडेने पिवळी पडायला लागली होती, ही एकच वेल घडांनी भरलेली. मी वीस मणी वरून, खालून, मागून तोडले, चुरडले, रेघ बघितली. २४.१. मावशींनी एक मणी तोंडात टाकला आणि बराच वेळ चावला. बी फुटल्याचा आवाज मला ऐकू आला. मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी साल थुंकली, दुसरा मणी तोडला, तोही खाल्ला.

“आज जास्त गोड आहे,” त्या म्हणाल्या. मग एक घड खालून उचलून त्यांनी पोटाकडची बाजू मला दाखवली. आत, देठाजवळ, दोन मणी आक्रसून तपकिरी झाले होते.

मी वहीत दोन्ही लिहिलं. मावशी ठिबकची तोटी उघडायला ओळीच्या टोकाकडे निघाल्या होत्या.